अरगट: मराठी की पाहुणा?

माळकरी:
बाजरीच्या लागवडीवरच्या एका घडीपत्रिकेत 'अरगट' वाचलं. मी आजवर त्याला अरबट-चरबटचा भाऊबंद समजत होतो! शब्द कुठला? आणि हे रोगाचं नाव, बुरशीचं की विषाचं?

शब्दवेडी:
पाहुणाच आहे. फ्रेंचमध्ये 'एर्गो' म्हणजे कोंबड्याच्या पायामागचा काटा. युरोपातल्या राय या धान्याच्या ओंबीत दाण्याच्या जागी तसाच काळपट, वाकडा काटा येतो, त्यावरून हे नाव. शेवटचा ट फ्रेंच माणूस गिळतो, इंग्रजांनी तो उच्चारला आणि आपण त्याला पार गावरान करून टाकलं.
अरगट म्हणजे रोग, आणि तो काळा काटाही. बुरशी क्लॅव्हिसेप्स. विषं म्हणजे त्या काट्यातली अल्कलॉइडं. रायवरची बुरशी वेगळी, बाजरीवरची वेगळी, म्हणून विषंही वेगळी. रायच्या अरगटाने रक्तवाहिन्या आवळून बोटं काळी पडत, झडत. बाजरीच्या अरगटाने मळमळ, ओकाऱ्या, गरगर, गुंगी. मराठी लेखांत युरोपातली झडलेली बोटं बाजरीच्या माथी मारलेली दिसतात, ते चूक.

माळकरी:
मग मायकोटॉक्सिनला काय म्हणावं? कवकविष?

शब्दवेडी:
'कवक' परीक्षेपुरतं ठीक. मी 'बुरशीविष' म्हणते, ऐकताक्षणी कळतं. जाता जाता: मका-भुईमुगातल्या बुरशीविषाचं नाव 'अल्फाटॉक्सिन' नव्हे. ॲस्परजिलस फ्लेव्हस या बुरशीच्या नावातला 'अ' आणि 'फ्ला' घेऊन अफलाटॉक्सिन. अल्फाचा संबंध नाही.

बांधावरून:
अहो, आमच्या घरी अरगट नव्हतंच, 'चिकटा' होता. फुलोऱ्यात झड लागली की कणसातून मधासारखे गुलाबी थेंब गळायचे, हात लावला की बोटं चिकटायची. ज्वारीच्या कणसावर आला तरी चिकटाच. घोळ एवढाच, की पानांवर मावा पडला तरी चिकटाच म्हणत. हाताला जे लागलं त्याचं नाव.
काळे काटे नंतर दिसतात. पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बी ओतायचं, ढवळायचं. अरगट आणि पोचट दाणे तरंगतात. ते काढून जाळायचे. तळाचं बी दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. तरंगणाऱ्या त्या काळ्या गाळाला आई नुसतं 'वरचं' म्हणायची. "वरचं कोंबड्यांपुढे टाकू नका रे."
त्यात कोंबड्याचा काटा आहे हे आज कळलं!