अमेरिकेतली टिप आपल्या पोलिसांपर्यंत येते कशी?

कुतूहल_नाशिक: बालशोषणाचा व्हिडिओ अपलोड झाला की अमेरिकेतून टिप येते आणि इथे गुन्हा दाखल होतो, असं वाचतो. मधली साखळी काय?

लॉगवाला: सोशल मीडियासारख्या कंपन्या तिथल्या एनसीएमईसीला, म्हणजे हरवलेल्या आणि शोषित मुलांसाठीच्या केंद्राला, कळवतात. 2019 च्या करारानुसार अहवाल दिल्लीत एनसीआरबीकडे (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग), तिथून राज्याच्या सायबर विभागाकडे, मग जिल्ह्याला. खरा घोळ आयपीत, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या पत्त्यात. त्या वेळी तो पत्ता कोणाकडे होता, हे नेट कंपनीला विचारावं लागतं. टिपमधली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते. भारतीय वेळेसाठी 5 तास 30 मिनिटं मिळवायची राहिली की भलत्याच ग्राहकाचं नाव निघतं. 18:30 नंतरची नोंद असेल तर तारीखच बदलते. शिवाय मोबाइल नेटवर एकच आयपी एका वेळी अनेकांकडे असतो, म्हणून त्यातली नेमकी जोडणी ओळखणारा पोर्ट नंबरही लागतो. तो नसला की तपास तिथेच अडतो.

संध्या_क: आरोपी सापडला म्हणजे मूल सापडलं असं नाही हो. त्यासाठी इंटरपोलचा आयसीएसई, म्हणजे बालशोषणाच्या चित्रं-व्हिडिओंचा डेटाबेस. भारत 2022 मध्ये सीबीआयमार्फत त्यात आला. तिथे चित्रातली पार्श्वभूमी तपासतात: पडदा, फरशी, स्विचबोर्ड. युरोपोल तर 2017 पासून चित्रातली नुसती वस्तू कापून लोकांपुढे ठेवतं, ही पिशवी कुठे मिळते म्हणून.

कुतूहल_नाशिक: असं काही दिसलं तर स्क्रीनशॉट पाठवू का?

लॉगवाला: मुळीच नको! असा मजकूर उतरवून घेणं, पुढे पाठवणं हाच आयटी कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा. फक्त लिंक आणि खात्याचं नाव लिहून घ्या आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर टाका. स्वतःचं नाव न देताही तक्रार करता येते.