नणंदेच्या यजमानांना जामीन राहायचं नाही, ‘नाही’ कसं सांगू?

मृद्गंध: नणंदेचे यजमान दुकानासाठी पतसंस्थेचं ५ लाखांचं कर्ज काढतायत. पगारदार जामीनदार म्हणून माझं नाव धरलंय, पगारपत्रक आणि पॅनची प्रत मागितलीय. “नुसती सही तर हवी” म्हणतात. घरचे जावई, त्यामुळे सासूबाई मध्ये पडणारच. मला राहायचं नाहीये.

कलमबहाद्दर: नुसती सही असं काही नसतं. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराला धरा, मग माझ्याकडे या, असं म्हणता येत नाही. हप्ते थकले की पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला घेते, त्यात जामीनदारही येतो, आणि मग गाठ थेट पगाराशी. पुढे तुम्हाला घरकर्ज लागलं तर ही जामीनकी तिथेही आडवी येऊ शकते.

उंबरठा: कागद देऊ नका, अगदी ‘बघायला’ म्हणूनही. पगारपत्रक गेलं की होकार धरला जातो, आणि नंतरचा नकार हा शब्द फिरवणं ठरतो.

बहुतेक जण घसरतात ते कारण सांगण्यात. “सध्या जमणार नाही” म्हटलं की “मग पुढच्या महिन्यात करू” येतं. “ह्यांना विचारते” म्हटलं की फोन ह्यांना जातो. कारण दिलं की त्यावर तोडगा निघतो, म्हणून नियम सांगा:

“भाऊजी, मी कुणाच्याच कर्जाला जामीन राहत नाही, माहेरच्यांच्यासुद्धा. तुम्हाला दुसरं माणूस बघायला वेळ मिळावा म्हणून आजच सांगतेय.”

एवढंच बोला आणि थांबा. पुढची शांतता अवघड जाते, ती भरायला “तरी बघते” तोंडातून निघतं आणि सगळं मुसळ केरात. पुन्हा विचारलं तर तेच वाक्य, त्याच शब्दांत. मात्र हा नियम खरोखर सगळ्यांना लावा. उद्या भावाला सही दिलीत तर नणंदेचं दुखणं रास्तच असेल.

नवऱ्याशी आधी बोला. सासूबाईंना उत्तर त्यांनी द्यावं, “आमचं दोघांचं ठरलंय” म्हणून. “तिला नको आहे” असं ते म्हणाले तर सगळा राग तुमच्यावर येईल. आणि हे व्हॉट्सॲपवर नको, फोनवर किंवा समोर बसून सांगा.

मदत करावीशी वाटत असेल तर परत आली नाही तरी चालेल एवढीच रक्कम द्या, नकारानंतर दोन-चार दिवसांनी. त्याच बैठकीत दिलीत तर घासाघीस सुरू होते.

मृद्गंध: आभारी आहे. ह्यांची नणंदेच्या यजमानांच्या जुन्या कॅश क्रेडिटला (मर्यादेपर्यंत लागेल तशी उचल करता येणारं कर्ज) जामीनदार म्हणून सही आहे, ती काढता येते का?

कलमबहाद्दर: चालू जामीनकी, म्हणजे एकाच नव्हे तर वेळोवेळीच्या उचलींसाठीची, असेल तर करार कायद्याच्याच कलम १३० प्रमाणे पुढच्या उचलीपुरती लेखी नोटिशीने मागे घेता येते. आधी उचललेल्या रकमेची जबाबदारी राहतेच. जामीनपत्राची प्रत काढून अटी वाचा, नोटीस द्या आणि पोच घ्या. ठरावीक मुदतीचं कर्ज एकदा उचललं असेल तर हा मार्ग नाही. तिथे संस्थेच्या संमतीने दुसरा जामीनदार द्यावा लागतो.