खर्ची पडलेला आणि खरोखर झालेला खर्च
‘मार्चअखेर नव्वद टक्क्यांहून अधिक निधी खर्च झाला, म्हणजे विभागाने काम केले’ हा सरकारी खर्चाबद्दलचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. आपले सरकारी हिशेब रोखीच्या तत्त्वावर चालतात, म्हणजे पैसे दिले की खर्च नोंदला जातो. कोषागारातून देयक (बिल) पारित झाले की राज्याच्या एकत्रित निधीतून (सरकारच्या मुख्य खात्यातून) रक्कम खर्ची पडते, मग वस्तू गोदामात आलेली असो वा नसो. त्यातही स्वीय प्रपंजी लेख्याचा (अधिकाऱ्याच्या नावे कोषागारात उघडलेल्या ठेव खात्याचा) मार्ग अधिक सोयीचा आहे, कारण त्या खात्यात रक्कम वळवताच ती संबंधित लेखाशीर्षाखाली (हिशेबातील खर्चाच्या सदराखाली) खर्च म्हणून दिसते, प्रत्यक्षात मात्र ती लोकलेख्यात, म्हणजे सरकारकडील ठेवींच्या वेगळ्या खात्यात, पडून असते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालांत यावर वारंवार ताशेरे असतात.

लेखा शाखेत काम करताना ३१ मार्चच्या रात्री देयकांचे गठ्ठे घेऊन ताटकळणारे लिपिक मी पाहिले आहेत (वर्ष संपताच न वापरलेला निधी व्यपगत म्हणजे रद्द होण्याची धास्ती कामाच्या निकडीपेक्षा मोठी असते!). म्हणून खर्चाच्या टक्केवारीपेक्षा प्रलंबित उपयोगिता प्रमाणपत्रे (अनुदान ठरल्या कामासाठी वापरल्याचे दाखले) आणि संक्षिप्त देयकांवर, म्हणजे तपशील नंतर देण्याच्या बोलीवर, उचललेल्या रकमांची न आलेली तपशीलवार देयके आधी पाहावीत. हे आकडे महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्त व्यवस्थेवरील अहवालात मिळतात.