शेवटचा दिवस: गणपतीपुळे ते रत्नागिरी, रात्रीच्या गाडीपर्यंत

प्रश्न (विचारणार: मुळाकाठ)

डिसेंबरातला सोमवार, तिथी त्रयोदशी. गणपतीपुळ्याची खोली सकाळी नऊला सोडायची आणि रत्नागिरीहून रेल्वे रात्री साडेनऊची. आम्ही सहा जण, त्यात सत्तरी ओलांडलेले आईबाबा. भाड्याची गाडी दिवसभर सोबत आहे, सामान त्यातच राहील. आता धावपळ नको, समुद्राच्या कडेने रमतगमत जायचंय. यादीत आरे-वारे, थिबा राजवाडा, रत्नदुर्ग, भाट्ये आणि पावस आहे. जमेल का? पाण्यात कुठे उतरावं?

प्रतिसाद: उधाण

पावस काढा. भाट्याच्या खाडीपलीकडे बरंच पुढे आहे, जाऊन-येऊन दुपार संपते. राजवाड्यातलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

आधी भरती-ओहोटी बघा, मग ठिकाणांचा क्रम लावा. कोकणातला जुना हिशोब असा: तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल ती भरतीची वेळ. पक्ष शुद्ध असो की वद्य, मोजणी प्रतिपदेपासूनच. तेरा त्रिक एकोणचाळीस, भागिले चार म्हणजे पावणेदहा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी, म्हणजे चारच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा. मुंबईचे भरतीचे आकडे मात्र रत्नागिरीला जसेच्या तसे लावू नका. त्रयोदशी उधाणाच्या जवळची असल्यामुळे पाणी वर खूप येतं आणि मागेही खूप जातं. अष्टमीच्या भांगाला (म्हणजे लहान भरती-ओहोटीला) एवढा फरक पडत नाही.

म्हणून सकाळी पाण्यात कुणीच उतरायचं नाही. गणपतीपुळ्याच्या देवळासमोर तर कधीच नाही. तिथे उतार एकदम खोल जातो आणि परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते. पोहणारी माणसंही तिथे बुडाली आहेत.

प्रतिसाद: साखरतर

निवळीमार्गे जाऊ नका, ते अंतर जवळजवळ दुप्पट पडतं. भंडारपुळे, नेवरे, आरे, वारे, काळबादेवी, साखरतर, शिरगाव असा किनाऱ्याचा रस्ता धरा. जेमतेम पंचवीस किलोमीटर, पण वळणं आणि चढउतार भरपूर. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढे बसवा आणि निघताना पोटभर न्याहारी टाळा.

आरे-वारेचं खरं सुख वरून बघण्यात आहे. टेकडीच्या वळणावरून दोन्ही बाजूंचे किनारे एकदम दिसतात. सकाळी ऊन पाठीमागून येतं, त्यामुळे पाण्याचा निळा-हिरवा रंग नीट दिसतो. दुपारनंतर समोर नुसती चकाकी. भरतीला खाली वाळूचा पट्टा अरुंद होतो, तेव्हा तासभर वरच रेंगाळा. गाडी वाळूत अजिबात घालू नका. वरचा थर कोरडा दिसला तरी चाक रुततं, आणि चढत्या पाण्यात ती काढणं अवघड.

बाराच्या आत रत्नागिरीत पोचाल. जेवून टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मस्थान बघा, मग थिबा पॉइंटवर थोडं बसा. तिथून भाट्याची खाडी, पूल आणि समुद्र एका नजरेत येतो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये पदच्युत करून इथे आणून ठेवलं. 1916 मध्ये त्याचा मृत्यूही रत्नागिरीतच झाला. ही जागा पाहताना हे लक्षात असावं असं फार वाटतं.

साडेतीनला भाट्ये. ओहोटीला ओली वाळू घट्ट होते, आईबाबांना चपलेशिवायही सहज चालता येईल. दमले तर सुरूच्या बनात सावली आहे. पाणी गुडघ्यापर्यंतच, आणि किनाऱ्याच्या मधल्या भागात. काजळी नदीच्या मुखाकडे जाऊ नका, ओहोटीत तिथली ओढ थेट बाहेर नेते.

मुळाकाठ: फार उपयोगी. सूर्यास्त रत्नदुर्गावरून की भाट्यावरून?

प्रतिसाद: आगळ

आईबाबा सोबत असताना भाट्ये. रत्नदुर्गावर गाडी बरीच वर जाते, पण भगवती मंदिरापर्यंत पायऱ्या आहेतच आणि अंधारात उतरताना त्रास होतो. शिवाय डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडे कलून मावळतो, त्यामुळे भाट्यावरून किल्ल्याचा डोंगर आड येत नाही. सूर्यास्त सहाच्या सुमाराला. तोवर पाणी पुन्हा चढू लागलेलं असतं: पहिल्या दोन तासांत जेमतेम पाव भरती होते, पुढच्या दोन तासांत सर्वांत जोरात. पिशव्या आधीच वर बनापाशी ठेवा.

पायांवरची वाळू ओली असताना टॉवेलने पुसू नका, कातडी खरवडते. आधी सुकू द्या, मग झटका. गोड्या पाण्याचे पाच-पाच लिटरचे दोन कॅन गाडीत असले की सहा जणांचे पाय धुऊन होतात. ओले कपडे वेगळ्या पिशवीत, गाठ न मारता. गाठ मारलीत तर घरी पोचेपर्यंत कुबट वास येतो.

सोलकढी बांधून नेऊ नका, नारळाचं दूध प्रवासात आंबतं. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) न्या आणि कढी घरी करा. दुकानात आगळ आणि कोकम सरबत शेजारीशेजारी असतं, रंगही सारखाच. आगळ खारट, सरबताचा अर्क गोड, तेव्हा लेबल वाचूनच घ्या. बाटलीच्या झाकणाखाली प्लास्टिकचा तुकडा घालून घट्ट पिळा, बाहेरून चिकटपट्टी लावा आणि बाटली उभीच ठेवा. त्याचा डाग कपड्यावरून जात नाही.

स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. जेवणाचं पार्सल घेऊन शहरातून आठला निघा.