"बिल काढा" म्हणजे नक्की काय करायचं? टूल निवडायचं काम मॉडेलवर सोडावं का?

सियागंजकर (धागाकर्ता)

इंदूरच्या सियागंजात किराण्याचे जे घाऊक व्यापारी आहेत, त्यांच्यासाठी आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर चालवतो. यंदा त्याला एआय एजंट जोडला. व्यापारी मराठीत, हिंदीत, बऱ्याचदा दोन्हींची खिचडी करून लिहितो आणि एजंट आमच्या ४० टूल्सपैकी एक निवडतो: बिल बनवणं, स्टॉक बघणं, उधारी दाखवणं वगैरे. एजंटच्या आतलं मॉडेल, म्हणजे भाषा समजणारा एआय, स्वतः काहीच चालवत नाही. ते फक्त टूलचं नाव आणि त्यात भरायची माहिती लिहून देतं, चालवतो आमचा प्रोग्राम.

गेल्या महिन्यात एका दुकानातून मेसेज आला, "उज्जैनवाल्यांचं सकाळचं बिल काढा." मुनीमजींना ते बिल फक्त बघायचं होतं. एजंटने ते रद्द केलं. ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल असल्यामुळे तिथला आयआरएन (बिलाचा नोंदणी क्रमांक) पण रद्द झाला, आणि असा रद्द झालेला बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. माल गाडीत चढला नव्हता म्हणून निभावलं. मुनीमजी त्या संध्याकाळी जे बोलले ते माझ्या अजून कानात आहे.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय: आधी आपल्या हाताने लिहिलेले नियम लावावेत. हे शब्द आले की हे टूल. नियमांत न बसणारं तेवढंच मॉडेलकडे जावं.

रामबागेतला

दादा, नुसत्या "काढा"साठी किती नियम लिहाल? पावती काढा म्हणजे बनवा. यादीतून साखर काढा म्हणजे वगळा. गोदामातून दोन पोती काढा म्हणजे बाहेर आणा. जुनी उधारी काढा म्हणजे शोधून दाखवा. आणि "पावती फाडा" आलं की तुमचा नियम काय करेल? आपल्याकडे पावती फाडणं म्हणजे पावती देणं! हा अर्थ वाक्याच्या उरलेल्या भागात असतो, आणि तो धरण्यात मॉडेल नियमांपेक्षा कैक पटींनी चांगलं आहे. तुमच्या त्या दोन टूल्सची वर्णनं इथे टाका. मॉडेल निवड करतं ती वर्णनं वाचूनच.

सियागंजकर

बिल बघायचं टूल: "इनव्हॉइस तपशील मिळवणे."
रद्द करायचं टूल: "बिल काढून टाकणे."

रामबागेतला

मग दोष मॉडेलचा कसा? मुनीमजींचे "बिल" आणि "काढा" हे दोन्ही शब्द तुम्हीच चुकीच्या टूलवर लिहून ठेवलेत. दुसऱ्यावर "रद्द करणे, परत फिरवता येत नाही, बिल बघायचं किंवा छापायचं असेल तर हे वापरू नये" असं लिहा. पहिल्यात दुकानात बोलली जाणारी चार-पाच वाक्यं जशीच्या तशी घाला. मग पुन्हा तोच मेसेज देऊन बघा.

लोकमान्यनगर

लांब वर्णनांना माझा विरोध नाही, पण ४० टूल्सची वर्णनं प्रत्येक मेसेजबरोबर मॉडेलला पाठवावी लागतात, आणि देवनागरीला इंग्रजीपेक्षा टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) जास्त लागतात. खर्च वाढतो, उत्तर रेंगाळतं. म्हणून पुष्कळ जण आधी अर्थाच्या जवळिकीवरून पाच-सात टूल्स वेचतात आणि तेवढीच मॉडेलपुढे ठेवतात. २०२३ च्या टूलएलएलएम या संशोधनात १६ हजारांहून जास्त एपीआय (म्हणजे प्रोग्रामने वापरायच्या सेवा, इथे टूल्सच) होते, तिथे असं वेचण्याला पर्यायच नव्हता. पण यात एक खड्डा आहे: योग्य टूल त्या पाचांत आलंच नाही, तर मॉडेल उरलेल्यांतलं जवळचं एखादं उचलतं. "यातलं कुठलंच नाही" हा पर्याय त्याला उघडपणे दिलाच पाहिजे.

खातेवहीवाली

मी वीस वर्षं हिशेब लिहिले आहेत, प्रोग्रामिंग नंतर शिकले. तुम्ही सगळे टूल बरोबर निवडलं जाईल का यावर भांडताय. टूल बरोबर असूनही गाडी घसरते. "परवाची डिलिव्हरी दाखवा" यातला परवा होऊन गेलेला की येणारा? त्यात आपल्या गावात "कल" सरसकट घुसतो, तोही दोन्हीकडचा. डिलिव्हरीचंच टूल निवडलं, तारीख चुकली. म्हणून माझी रेघ वेगळीकडे आहे: नुसतं बघायचं काम असेल तर एजंटने बेलाशक चुकावं, आपण पुन्हा विचारू. जे परत फिरत नाही, तिथे थांबून विचारलंच पाहिजे. एमसीपीमध्ये (एजंटला टूल्स जोडायची एक प्रमाणित पद्धत) तर टूल फक्त वाचतं की काही मोडतं, हे सांगायच्या खुणाही आहेत. त्या खुणा म्हणजे निव्वळ सूचना आहेत. अडवायचं काम आपल्याच प्रोग्रामने करायचं.

रामबागेतला

ताई, दिवाळीच्या आधी सियागंजात उभं राहून बघा. एका हातात फोन, समोर हमाल, मागे गाडीचा हॉर्न. दर वेळी "नक्की का?" विचारलं तर माणूस न वाचता "हो" दाबतो. तो प्रश्न असून नसल्यासारखाच.

खातेवहीवाली

"नक्की का?" असं विचारूच नका. "उज्जैनवाल्यांचं आजचं बिल, नंबर अमुक, रक्कम अमुक, कायमचं रद्द करू?" असं विचारा. रक्कम दिसली की व्यापाऱ्याचा अंगठा थांबतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि असा प्रश्न दिवसातून एखाद्या वेळीच यावा, बाकी कामांत अजिबात नको.

सियागंजकर

वर्णनं आज बदलली. तोच मेसेज दहा वेळा दिला, दहाही वेळा बिल दाखवलं. नियमांचा हट्ट मी सोडतो. पण रद्द करायचं टूल एजंटच्या यादीतून काढूनच टाकलंय. बिल रद्द करायचं असेल तर मुनीमजींनी कॉम्प्युटरवर बसून स्वतः करावं.

खातेवहीवाली

हे मला पटत नाही. आयआरएन पोर्टलवर २४ तासांतच रद्द होतो, नंतर क्रेडिट नोट काढत बसावं लागतं. मुनीमजींना चूक रात्री घरी जेवताना आठवली, दुसऱ्या दिवशी रविवार, दुकान बंद, हातात फक्त फोन. तेव्हा त्यांनी काय करायचं?

सियागंजकर

याचं उत्तर आज माझ्याकडे नाही. सोमवारी त्यांच्याच दुकानात जाऊन विचारतो.