टायटेनिया (टायटेनियम डायऑक्साइड) पेलेट, म्हणजे दाबून केलेली चकती: १/टी (टी = पलीकडे पोचणाऱ्या उजेडाचं प्रमाण) विरुद्ध जाडी ही रेघ वर का वळते?

एमएस्सी_सोलापूर: २५ नॅनोमीटर अ‍ॅनाटेज (टायटेनियाचं एक स्फटिकरूप), पीव्हीए बाइंडर (पूड बांधून ठेवणारं पॉलिमर), १३ मिमीची डाय (साचा). १, २, ३ मिमीच्या पेलेट ३०० अंशांना तासभर तापवल्या. रंग किंचित पिवळसर. ६३३ नॅनोमीटरचा लेझर, मागे चिकटून फोटोडायोड. एल-स्टार (विखुरत जाणारा उजेड मूळ दिशा विसरेपर्यंतचं सरासरी अंतर) काढायचाय, पण रेघ सरळ येईना.

विखुरण: वर वळते म्हणजे वाटेत उजेड हरवतोय. पिवळेपणा बघा, पीव्हीएचा कार्बन राहिलाय. एल-स्टार ५ मायक्रॉन धरला तरी १ मिमी पार करायला फोटॉन सरासरी १०० मिमीच्या आसपास भटकतो. एवढ्या वाटेत जरासं शोषणही पुरून उरतं. कडेने गळतं ते वेगळंच. पेलेटचा नाद सोडा. काचेच्या दोन कडांना जाडी ठरवायला चिकटपट्टीचे थर लावून मधे टायटेनियाची पेस्ट ओढा, १० ते ६० मायक्रॉनच्या चार-पाच फिल्म करा, ४५० अंशांना अर्धा तास भाजा. ६०० च्या वर नेलंत तर अ‍ॅनाटेजचं रुटाइल (दुसरं स्फटिकरूप) व्हायला लागतं.

पांढरा_रंग: आणि २५ नॅनोमीटरचे सुटे कण दृश्य प्रकाश फारसे विखुरतच नाहीत, जे दिसतं ते गुठळ्यांचं काम. म्हणून निकाल दर बॅचला बदलेल. जोरदार विखुरण हवं तर रंगात घालतात तसं २००-३०० नॅनोमीटरचं रुटाइल घ्या.
नमुन्याच्या पृष्ठभागावरून उजेड परत आत वळतो, ते आतलं परावर्तन (आर) विसरू नका. टी = (एल-स्टार + झेड) ÷ (जाडी + २ झेड), झेड = ⅔ एल-स्टार × (१+आर)/(१−आर). आर ०.५ असताना शून्य धरलात तर एल-स्टार १.८ पट येतो.

एमएस्सी_सोलापूर: सर, इंटिग्रेटिंग स्फिअर (सगळ्या दिशांचा उजेड गोळा करून मोजणारा आतून पांढरा गोल) नाही इथे. चालेल का?

पांढरा_रंग: फिल्म एल-स्टारच्या दसपट जाड असेल तर बाहेरचा कोनी पसारा बदलत नाही. डायोड जागचा हलवू नका, एकूण उजेडाचा ठरावीक हिस्सा मिळत राहील. पण त्यातून फक्त रेषा सरळ आहे का ते कळेल. एल-स्टारसाठी टी खरा हवा, म्हणजे स्फिअर हवाच. नाहीतर मागे फिरणाऱ्या प्रकाशाचा शंकू मोजा: रुंदी साधारण ०.७ ÷ (के × एल-स्टार), के = २π ÷ तरंगलांबी; एल-स्टार १० मायक्रॉन असेल तर ७ मिलिरेडियन. वर्तुळाकार ध्रुवक लावा, नमुना फिरवत ठेवा, नाहीतर स्पेकलमध्ये (लेझरच्या उजेडातल्या ठिपक्यांच्या नक्षीत) शंकू बुडतो.

विखुरण: पावसाळ्यात फिल्म डेसिकेटरमध्ये (ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात) ठेवा. आपला पांढरा टॉवेल ओला झाला की काळपट, पारदर्शक दिसतो ना, तेच होतं: छिद्रांत हवेऐवजी १.३३ अपवर्तनांकाचं पाणी, विखुरण कमी.