सल्ला हवा: ब्लूबॉनेटच्या बहरात आईबाबांची छायाचित्रे

रानवारा_ऑस्टिन: नमस्कार. माझे आईबाबा साताऱ्याहून आले असून १० एप्रिलला परत जाणार आहेत. त्याआधी ब्लूबॉनेटच्या, म्हणजे टेक्ससमधल्या निळ्या रानफुलांच्या, ताटव्यात दोघांची छायाचित्रे काढून ती मोठ्या आकारात छापून द्यावीत, अशी माझी फार इच्छा आहे. कॅननचा क्रॉप (लहान) सेन्सरचा जुना कॅमेरा आणि त्यासोबतची १८-५५ मिमी लेन्स आहे. नव्या लेन्ससाठी २०० डॉलरपर्यंत खर्च करता येईल. कोणती घ्यावी आणि कुठे जावे? बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्यांना जमिनीवर बसता येत नाही.

पोर्ट्रेटवेडा: ८५ मिमी एफ १.४ (एफचा आकडा जितका लहान, तितकी पार्श्वभूमी अधिक धूसर) सोडून दुसऱ्या लेन्सचा विचारच करू नये. किंमत आपल्या अंदाजाच्या कितीतरी पट आहे, परंतु मी ती घेतल्यापासून कॅमेऱ्यावरून उतरवलेली नाही.

डॅलसकर: डॅलसजवळच्या एनिसलाच जावे. एप्रिलमध्ये तेथे ४० मैलांहून अधिक लांबीचे मार्ग आखून दिलेले असतात आणि कोणत्या रस्त्याला बहर आहे, हे गार्डन क्लबची मंडळी स्वतः फिरून कळवतात. आम्ही दरवर्षी तिथेच जातो.

हिलकंट्री_काकू: एनिसचा बहर साधारणतः एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात भरात येतो आणि तोपर्यंत यांचे आईबाबा परत गेलेले असतील. ऑस्टिन व ब्रेनहॅमकडे मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा हीच वेळ योग्य. विलो सिटी लूप हा रस्ता सुंदर आहे, पण दोन्ही बाजूंना खासगी जमीन असल्याने कुंपण ओलांडू नये. चादर अंथरण्याआधी जमीन नीट पाहावी. माझ्या धाकटीच्या पायांना लाल मुंग्या अशा डसल्या की सगळा बेत तिथेच थांबला. गवतात रॅटलस्नेकही असतात.

निळाई: फुले तोडली तर दंड होतो, हेही सांगून ठेवते. १९०१ पासून हे टेक्ससचे राज्यपुष्प आहे.

हिलकंट्री_काकू: तसा सरसकट कायदा नाही, उद्यानांचे नियम आणि खासगी जागेतील घुसखोरी या वेगळ्या गोष्टी. खरे नुकसान तुडवण्याने होते. हे रोप एकाच हंगामाचे असते, त्यामुळे बी धरण्याआधी ते चिरडले गेले तर पुढच्या वर्षासाठी तिथे बी पडत नाही.

निळाई: १९७१ मध्ये राज्यातल्या ब्लूबॉनेटच्या सगळ्या जातींना राज्यपुष्पाचा मान मिळाला. तोडू नयेच.

फोनवाला: लेन्स कशाला? फोनचा पोर्ट्रेट मोड पुरेसा आहे. माझ्या फोटोंना सगळ्यांची दाद मिळते.

उजेडयात्री: मोठ्या छपाईत फोनने धूसर केलेल्या कडा उघड्या पडतात, केसांच्या बटा आणि फुलांचे शेंडे अर्धवट पुसलेले दिसतात. मात्र येथे लेन्सपेक्षा कॅमेऱ्याची उंची जास्त महत्त्वाची आहे. ही झाडे जेमतेम फूटभर वाढतात, त्यामुळे उभ्याने फोटो काढला की मधली माती दिसते आणि दाट ताटवासुद्धा विरळ वाटतो. आधीच मोकळी असलेली जागा शोधून बाबांना बुटक्या स्टुलावर बसवावे, आईंना त्यांच्या शेजारी बसवावे आणि आपण कॅमेरा तुऱ्यांच्या उंचीवर आणून पुढच्या फुलांमधून चेहऱ्यांवर फोकस करावा. सूर्यास्ताच्या आधीचा तास निवडून सूर्य त्यांच्या पाठीशी ठेवावा आणि पांढऱ्या फोम बोर्डाने चेहऱ्यांवर उजेड परतवावा. त्या तांबूस उजेडात निळा रंग जांभळट उतरतो, म्हणून रॉमध्ये (रंग नंतर सुधारता येणाऱ्या कच्च्या फाइलमध्ये) काढावे. वारा असल्यास शटर १/५०० सेकंदावर ठेवावे. आपल्याकडे कॅमेऱ्यासोबतची ५५-२५० लेन्स पडून आहे का? २०० मिमीवर एफ ५.६ असूनही पार्श्वभूमी छान धूसर होते आणि मागची गर्दी चौकटीबाहेर जाते.

पोर्ट्रेटवेडा: ८५ मिमी एफ १.४ ने तेच काम अधिक चांगले होते.

लाडकी_पैठणी: आईंना निळी साडी मुळीच नेसू देऊ नका, ती फुलांत हरवून जाईल. पिवळी किंवा मोतिया नेसवा.

निळाई: निळी नकोच, हे मीही सांगणार होते.

रानवारा_ऑस्टिन: सर्वांचे मनापासून आभार. ५५-२५० कपाटात आहे, तरीही मी ५० मिमी एफ १.८ घेत आहे. ती अंदाजपत्रकात बसते आणि घरात दिव्याच्या उजेडात आईबाबांचे फोटो काढायलाही उपयोगी पडेल. साडीच्या बाबतीत आई ऐकायला तयार नाही. तिच्या आईची निळी इरकल तिने खास याचसाठी आणली आहे आणि तिचा लाल पदर खांद्यावरून पुढे घेऊ, असे आम्ही ठरवले आहे. स्टूल आणि बूट घेऊन रविवारी संध्याकाळी ब्रेनहॅमकडे निघतो. ऑस्टिनमध्ये कोणाकडे मोठा पांढरा रिफ्लेक्टर असल्यास दोन दिवसांसाठी द्यावा, ही विनंती.